भिऊताईचा भोंगा

सकाळची घाई संपली की मी वन्संची वेणी घालते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, नवऱ्याची ताई. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लिहायला, जेवायला, माझ्याकडे बोट नाचवून चुका दाखवायला तो हात झकास चालतो. केसांपर्यंत मात्र पोचत नाही. म्हणून त्या खिडकीपाशी स्टुलावर बसतात, मी मागे उभी राहते, आणि फणी जरा अडली की त्या ओरडतात, "हळू गं! जीव घेतेस की काय!"

"तुमचा जीव फणीने जायचा नाही," मी म्हणते. "नदीला जमलं नाही ते फणीला काय जमणार?"

त्यावर त्या हसत नाहीत. नदीवरून केलेली थट्टा त्यांना अजून चालत नाही.

वन्संइतकी घाबरट बाई मी दुसरी पाहिली नाही. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं म्हटलं की यांचे हात गार. कुत्रं शेपूट हलवत आलं तरी या माझ्या मागे. घरातून निघताना गॅसचं बटण बघायचं, कुलूप ओढून बघायचं, वळणापर्यंत जायचं आणि पुन्हा मागे यायचं, कारण कुलूप ओढलेलं आठवतंय ते आजचं की कालचं याची खात्री नाही. कुणाला यायला जरा उशीर झाला की यांनी मनातल्या मनात त्याला दवाखान्यात भरती केलेलं असायचं. सगळा बाजार त्यांना भिऊताई म्हणायचा. आणि हे नाव कुणा परक्याने ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं होतं माझ्या नवऱ्याने, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. खालच्या बाजारात, नदीच्या अंगाला, त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक येऊन बसलं की हा हातातला स्क्रूड्रायव्हर छातीशी धरून ताईची नक्कल करायचा: "अरे, ते बघ, काहीतरी हललं! बघ ना रे!" गिऱ्हाईक हसून बेजार. वन्संनाही हे ठाऊक होतं. "करू दे," म्हणायच्या. "लहानपणी माझ्याच कडेवर होता, दुसऱ्या कुणाची नक्कल येणार त्याला?"

आणि अशी ही बाई नोकरी काय करत होती, तर नदी मोजायची!

मी एकदा विचारलं होतं, वन्सं, जगात टेबलखुर्चीच्या नोकऱ्या संपल्या होत्या का? त्या म्हणाल्या, "भिंतीवर पाल दिसली की तू काय करतेस? ती कुठे जाते ते बघत बसतेस ना? नजर काढलीस तर झोप लागते का तुला? तसंच."

नदी कशी मोजतात हे मला लग्नानंतर बरीच वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, काठावर रंगवलेली पट्टी असते, तिच्यावर पाणी कुठे लागलंय ते बघायचं, आकडा कचेरीला कळवायचा, झालं काम. पण डोंगरातली नदी पट्टीला जुमानत नाही. मोठा पूर आला की ती घराएवढे दगड लोटत आणते, तळ एकीकडे भरते, दुसरीकडे खरवडते, आणि गेल्या वर्षीच्या आकड्याला यंदा काही अर्थ राहत नाही. म्हणून पूर असतानाच नदीच्या वर जाऊन तिची खोली आणि वेग मोजावा लागतो. त्यासाठी गावाच्या वरच्या बाजूला, जिथे नदी दोन कड्यांमधून अंग चोरून येते, तिथे दोन्ही काठांवर लोखंडी मनोरे आहेत. त्यांच्यामध्ये जाड तार ताणलेली आणि तारेला लटकलेली एक उघडी लोखंडी पेटी, आत बसायला फळी. तिला पाळणा म्हणतात. काठावरच्या माणसाने चाकाचा दांडा फिरवायचा, की पाळणा पाण्याच्या वर सरकत जातो. पाळण्यातल्या माणसाने खाली तारेच्या दोरीने शिशाचं एक वजन सोडायचं. त्याचा आकार माशासारखा म्हणून त्याला मासाच म्हणतात. माशाच्या डोक्यावर एक छोटी चक्री. पाण्याने ती फिरली की कानाला लावलेल्या यंत्रात टक टक होते. टकटक जलद, तर पाणी जोरात.

दांडा फिरवायला कचेरीचे मिस्त्री असायचे. ते सांगायचे, भिऊताई पाळण्यात बसल्या की डोळे मिटून घेतात. पाळणा थांबला की उघडायचे, मोजायचं, "चला" म्हणायचं, की पुन्हा मिटायचे. इतकी वर्षं नोकरी झाली, पण हलत्या पाळण्यात त्यांनी कधी डोळे उघडले नाहीत. ही गोष्टसुद्धा नवऱ्याच्या नकलेत होती, हे सांगायला नकोच.

त्याला बाजारात हशा मिळायचा, यामागे आणखी एक कारण होतं. फार पूर्वी वन्संनी एकदा भोंगा चुकून वाजवला होता. मनोऱ्याशेजारच्या मापनाच्या खोलीबाहेर भिंतीवर एक हाताने फिरवायचा भोंगा बसवलेला आहे. पाणी पट्टीवरच्या लाल रेघेच्या वर गेलं की तो वाजवायचा, आणि तो वाजला की खालच्या बाजाराने सगळं टाकून शाळेच्या टेकडीवर पळायचं. त्या वर्षी पट्टी जुन्या पुलाच्या खांबावर होती. खांबाला पाणी जिथे येऊन आपटतं तिथे ते फुगून वर चढतं; आकडा वाचायचा तो खांबाच्या बगलेचा, पुढचा नव्हे. नवी नोकरी, अंगात कापरं, यांनी फुगलेलं पाणी वाचलं. भर दुपारी सगळा बाजार ताटावरून उठून टेकडीवर जाऊन बसला आणि नदी खालून आपली शहाण्यासारखी वाहत राहिली. लोक ते विसरले नाहीत. वन्सं तर मुळीच नाहीत. त्यानंतर सगळ्या बाजूंनी मोजल्याशिवाय त्यांनी भोंग्याला हात लावला नाही.

वन्संचा खांदा गेला त्या वर्षी चक्रीवादळ आलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, समुद्र कुठे आणि आम्ही कुठे. वारा किनाऱ्यावरच दमेल. वारा दमलाही, पण त्याने वाहून आणलेलं सगळं पाणी आमच्या डोंगरांवर येऊन आदळलं. पाऊस पडत नव्हता, ओतत होता. वीज गेली, फोन गेले, मोठा रस्ता खचला आणि मिस्त्री पलीकडे अडकले. पाणी मोजणारं आपोआप चालणारं यंत्र पहिल्याच पुरात खांबासकट गेलं. पूर खालच्या बाजारात शिरला, दुकानांत कमरेइतकं पाणी झालं, वन्संनी भोंगा वाजवला, सगळे वेळेवर टेकडीवर गेले. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. मग पाणी उतरू लागलं. पावसाची रिपरिप चालूच होती, पण पाणी उतरत होतं, आणि जो तो फावडं, बादली घेऊन आपापल्या दुकानातला चिखल काढायला खाली गेला.

नवराही निघाला. आम्ही तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, तिथवर पाणी आलं नव्हतं. पण दुकानात लोकांची मशीनं होती, माळ्यावर त्याच्या आईचं मशीन होतं. वन्सं सकाळीच मापनाच्या खोलीकडे जायला निघाल्या होत्या. दारातून म्हणाल्या, "आजचा दिवस थांब रे. जाऊ नकोस खाली."

"ताई, पाणी उतरतंय. तूच आकडा सांगितलास."

"सांगितला. तरी जाऊ नकोस."

"तू मला शाळेत जातानाही हेच सांगायचीस," तो म्हणाला आणि गमबूट चढवून गेला. मी त्याला अडवलं नाही. वन्संच्या 'जाऊ नकोस'वर चाललो असतो तर आमच्या घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर पडलंच नसतं.

दुपारी मी वन्संचा डबा घेऊन वर गेले. पायवाट कड्याच्या कडेने जाते. अर्ध्या वाटेत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं. आवाज नव्हता. इतके दिवस नदीच्या पोटात दगड एकमेकांवर आपटत होते, त्याची गडगड रात्रंदिवस घरापर्यंत यायची. मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरायची. ती गडगड थांबली होती. आणि वाऱ्यावर नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास होता. दाट, ओला, खड्डा खणताना येतो तसा. छान झालं, पूर ओसरला, असं मी स्वतःला म्हटलं. माझे पाय मात्र भराभर पडायला लागले.

वन्सं पट्टीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. डबा बघितलासुद्धा नाही.

"सकाळपासून कितीतरी उतरलं," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पाऊस चालू आहे ना? मग का उतरलं?"

"उतरलं तर बरंच की!"

"अगं, वरून येणारं पाणी थांबलेलं नाही. मग ते गेलं कुठे?" त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. "एक असू शकतं. मोठ्या पुरानंतर ही कूस बदलते. इकडचा तळ दगडांनी भरतो आणि सगळं पाणी पलीकडच्या काठाने जातं. मग पट्टीजवळ कमी दिसतं, नदी असते तेवढीच. तसं असेल तर काही भीती नाही."

"आणि तसं नसेल तर?"

त्यांनी आधी पाळण्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"मिस्त्री नाहीत," त्या म्हणाल्या. "दांडा तू फिरवशील?"

माझं धाबं दणाणलं. मी आयुष्यात विहिरीचा रहाटसुद्धा फिरवला नव्हता, आणि इथे तारेला लटकणारी नणंद! "वन्सं, मला नाही जमायचं. पडलात म्हणजे?"

"तू हात सोडलास तरी चाकाला खीळ आहे, पाळणा पडत नाही. मला दहा वेळा सांगून झालंय मिस्त्रींचं." असं म्हणताना त्यांचे दात वाजत होते. "खाली तुझा नवरा आहे. आणखी किती जण आहेत. एकदा उगाच पळवलंय मी त्यांना. आज खात्री करायलाच हवी."

त्या पाळण्यात बसल्या. गळ्यात तार कापायची कातरी अडकवली, कारण वाहून आलेलं झाड माशाच्या दोरीत अडकलं तर पाळण्यासकट माणूस खेचला जातो, तेव्हा दोरी कापून टाकायची असते. हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या रडत सांगत होत्या. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "फिरव."

मी दांडा फिरवला. तार कुरकुरली. पाळणा काठ सोडून पाण्यावर गेला आणि डुलायला लागला. खाली तपकिरी पाणी, त्यात कुणाच्या तरी घराचं दार तरंगत चाललेलं, कडीसकट. पाळण्यात पाठमोरी बसलेली, मान खांद्यात घालून आक्रसलेली माझी नणंद. मी हात सोडला तर, तार तुटली तर, असे सगळे 'तर' माझ्या डोक्यात नाचायला लागले, आणि मला वाटलं, हिच्या डोक्यात हे रोज असतं की काय?

"थांब!"

मी थांबले. मिस्त्री म्हणायचे, नदीच्या आवाजात तिथे हाक पोचत नाही, हातांच्या खुणा कराव्या लागतात. आज मला वन्संचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

त्यांनी मासा सोडला, कान लावला, आकडा पुटपुटल्या. "चल." पुन्हा डोळे मिटले. मी फिरवलं. "थांब." मासा खाली. एकदा खालून काहीतरी दोरीला अडकलं, पाळणा वाकडा झाला, वन्संचा हात कातरीकडे गेला. माझी किंकाळी निघाली. मग फांदी सुटली आणि पाळणा हेलकावे खात सरळ झाला. त्यांनी दोरी कापली नाही. कापली असती तर मोजायला काही उरलं नसतं. असं करत करत त्या पार पलीकडच्या काठापर्यंत गेल्या. तिथे त्यांनी मासा सोडला आणि तो सोडताक्षणीच तळाला टेकला. मला इतक्या लांबून दिसलं की दोरी लगेच सैल पडली. नदी पलीकडेही नव्हती.

"ओढ," त्या म्हणाल्या.

मी उलटा दांडा फिरवायला लागले. पाळणा परत येऊ लागला. आणि त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती. पाळणा डुलत होता, खाली पाणी होतं, आणि वन्सं डोळे उघडे ठेवून येत होत्या. ते डोळे बघून मला जी भीती वाटली तशी त्या मातीच्या वासानेही वाटली नव्हती.

काठाला आल्यावर त्या उतरल्या. रडत नव्हत्या. दात वाजत नव्हते. बाजारभाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "वर कुठेतरी कडा कोसळलाय. नदी अडलीये. मागे पाणी साठतंय, ते माती फोडून एकदम येईल. कधी ते माहीत नाही. तू पळ. तो भोंगा ऐकून यायचा नाही, मी घाबरले म्हणेल. तुझं ऐकेल."

"आणि तुम्ही?"

"मी वाजवते आणि येतेच मागून."

मी पळाले. मागे भोंगा आधी गुरगुरला, मग चढला आणि कड्यांवर आदळून सगळ्या खोऱ्यात भरला. त्या भोंग्याचा एक दोष आहे, हात फिरतोय तोवरच तो वाजतो. हात थांबला की गळा काढत काढत खाली बसतो. पळताना मला एवढंच कळत होतं की तो वाजतोय, म्हणजे वन्सं तिथे आहेत, आणि त्या मागून येत नाहीयेत.

खालच्या बाजारात लोक दुकानांच्या दारात फावडी टेकून उभे होते. वर बघत होते, खाली बघत होते. नदी तर दुकानांच्या मागे ओढ्यासारखी झाली होती. तिचे दगड उघडे पडले होते. शेजारचा किराणावाला चिखलाने माखलेलं पोतं ओढत म्हणाला, "काय हो वहिनी, भिऊताईंना आता नदी आटली तरी भ्या वाटतं का?"

आणि दुकानातून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "पाणी चढलं तर घाबरते, उतरलं तर जास्त घाबरते. पाण्याने करावं तरी काय?" सगळी गल्ली हसली. भोंगा वरून कोकलतच होता.

मी आत गेले. तो जमिनीवर बसून रॉकेलच्या फडक्याने एका मशीनच्या पोटातला चिखल पुसत होता. "अहो, उठा. वर चला आत्ताच्या आत्ता."

"ताईने पाठवलं ना? अगं, ती घाबरली असेल..."

"त्या घाबरल्या नव्हत्या," मी ओरडले. मला धाप लागली होती. "त्या पाळण्यातून गेल्या. मी दांडा फिरवला. परत येताना त्यांनी डोळे उघडे ठेवले."

त्याचा हात थांबला. "पाळणा चालू असताना?"

"पूर्ण वाटभर. माझ्याकडे बघत आल्या."

त्याने फडकं खाली ठेवलं. तोंडावरचं हसू असं पुसलं गेलं की मला त्याचं तोंड ओळखू येईना. उठला, माझा दंड धरला, शटर ओढायलाही थांबला नाही. दारात किराणावाला होता. "काय रे, काय झालं?"

"वर चल," नवरा म्हणाला. "पोतं टाक. आधी वर चल."

त्या दिवशी बाजार भोंग्याने हलला नाही. भिऊताईची नक्कल करणारा तिचा भाऊ शटर न ओढता पळतोय, हे बघून हलला. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात ती बातमी आमच्या पुढे धावली. फावडी पडली, पोरं कडेवर घेतली गेली, कुणी दारं वाजवत सुटलं, आणि सगळे शाळेच्या टेकडीच्या पायऱ्यांकडे लोटले.

पायऱ्या निम्म्या झाल्या असतील आणि भोंगा बसला. ऊं करत खाली, खाली गेला आणि विझला. सगळे जागच्या जागी उभे राहिले.

"संपलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

नवऱ्याने मागे वळून बाजाराकडे बघितलं. "काही नाही आलेलं. एवढं आईचं मशीन घेऊन येतो. माळ्यावरच आहे."

"नाही जायचं!" मी त्याचा शर्ट धरला.

"अगं, हे काय, इथेच तर आहे दुकान!" त्याने माझी मूठ सोडवली आणि धडाधड पायऱ्या उतरायला लागला. त्याला बघून आणखी दोघंतिघं वळले. मी तिथेच मटकन बसले. त्याची पाठ लहान लहान होत चालली.

आणि भोंगा पुन्हा चढला. आधीपेक्षा कर्कश. नवरा शेवटच्या पायरीवर थबकला. मला वरून दिसत होतं, त्याने एक पाय पुढे टाकला, मागे घेतला, स्वतःशीच काहीतरी शिवी हासडली, आणि मग वर पळत आला.

त्यानंतर भोंगा थांबला नाही. आम्ही टेकडीवर पोचलो, शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीने उभे राहिलो, तरी तो वाजतच होता. काही घडेना. लोक चुळबुळायला लागले. भिजलेली पोरं रडायला लागली. त्या जुन्या चुकलेल्या भोंग्याची आठवण कुणीतरी काढली. एकजण म्हणाला, "जाऊन येऊ का?" पण जायचं म्हटलं की तो आवाज, थांबायचं नावच घेईना, आणि तो वाजत असताना पायरी उतरायची हिंमत कुणाला होईना. नवरा कठडा धरून कड्यांच्या दिशेने बघत होता. "आता पुरे," तो पुटपुटत होता. "ताई, सोड आता. ये ना वर. ये ना."

मग भोंगा तुटला. या वेळी तो खाली बसला नाही, मधूनच कापल्यासारखा गेला. आणि त्याच्या जागी दुसरा आवाज आला, जमिनीतून पायांत चढणारा. कड्यांच्या फटीतून जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणवत नाही. झाडं, माती, दगड, सगळं एकत्र उभं राहून आलं. खालचा बाजार आमच्या डोळ्यांसमोर कागदासारखा गोळा झाला आणि गेला. सगळे वाचले असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पेट्रोल पंपामागे राहणारी म्हातारा-म्हातारी आली नव्हती. ती आलीच नाहीत.

नवरा वरच्या वाटेने पळत सुटला होता. मी मागून. मापनाच्या खोलीची जागा दिसली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला. तिथे खोली नव्हती. चिखल होता आणि पाळण्याचा मनोरा होता, कललेला. मी वर बघितलं. मनोऱ्याच्या अगदी टोकाला, जिथे मिस्त्रीसुद्धा तेल द्यायला जायला कुरकुर करायचे, तिथे चिखलाचं एक बोचकं होतं. उजवा हात शिडीच्या पायरीतून आरपार घालून ते बोचकं लोंबकळत होतं.

"ताई!"

"हळू ओरड," बोचकं म्हणालं. "हलतंय हे."

तो वर चढला. त्यांचे डोळे आता घट्ट मिटलेले होते. उघडायला तयार नव्हत्या. त्याने त्यांचा एकेक पाय हातात धरून एकेका पायरीवर ठेवला. "डावा. आता उजवा. आहे मी, ताई. हं, डावा." लहान पोराला जिना शिकवावा तसा तो बोलत होता, आणि त्याचं नाक वाहत होतं. खाली आल्यावर वन्संनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील? "त्या कड्यावर चिखलाची रेघ दिसतेय ना, तिथे कुणीतरी रंगाने खूण करा. पावसाने धुतली की किती चढलं ते मग सांगता यायचं नाही."

मग त्या थरथरायला लागल्या, हनुवटीपासून पायांपर्यंत. आमच्या नेहमीच्या वन्सं परत आल्या. मी माझी ओढणी त्यांच्याभोवती गुंडाळली. उजवा हात नुसता लोंबत होता.

"का नाही आलात मागून?" मी रागावून विचारलं. मला इतका राग आला होता की मी रडत होते. "येते म्हणालात ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भावाकडे बघितलं. "मध्ये एकदा हात फार भरून आला. बदलायला गेले तर भोंगा बसला. तेव्हा तू परत फिरला होतास ना रे?"

नवरा चिखलाकडे बघत म्हणाला, "आईचं मशीन आणायला."

"वाटलंच मला," वन्सं म्हणाल्या. "म्हणून मग नाही बदलला हात."

खांद्याच्या आत काय काय तुटलं होतं ते डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. बसेल तेवढा बसवला, म्हणाले, पण वर जायचा नाही. वन्सं तेव्हापासून पाळण्यात बसत नाहीत. कचेरीत बसून दुसऱ्यांना घाबरवतात. कुलूप अजून दोनदोनदा ओढतात. नक्कल बंद झाली. बाजार वर टेकडीला लागून नवा झाला, तिथे कुणी भिऊताई म्हटलं तर नवरा हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघतो.

मला बरं नसलं की फणी तो घेतो. वेणी त्याला येत नाही, नुसतंच विंचरतो, गुंता आला की थांबतो, बोटांनी सोडवत बसतो. इतकं हळू, की शेवटी वन्संच वैतागतात.

"अरे, ओढ की जरा! जीव नाही जायचा माझा."

तो काही ओढत नाही.